गोळी चुकली तर काय करायचं, वन्सं?

९ जानेवारी

वन्सं,

वर मायना लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही. 'तीर्थस्वरूप' लिहायला हात वळेना.

फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तरी "मी असं म्हटलंच नव्हतं" एवढं एक वाक्य ऐकवून ठेवून देता. कागदाला असं मधेच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. आधी वाचाल, मग फाडाल.

तेव्हा पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला माहीत नाही म्हणून नव्हे, तर एकदा तरी मला न अडवता तुम्ही ऐकावं म्हणून.

सव्वा वर्षापूर्वी तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुम्हाला औषधाचं दुकान सोडता येत नव्हतं. तुमच्या भावाला लोकांचे फ्रिज सोडता येत नव्हते. मला मात्र गोदीतून सुट्टी मिळेल, असं तुम्ही दोघांनी मला न विचारता ठरवलंत. मी राहिले दवाखान्यात. सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर झोपले, त्यांना उठवलं, बसवलं, त्यांचं सगळं केलं. माझ्या गोळ्यांचं पाकीट घरी आरशामागे राहिलं. नव्या पाकिटाचा पहिलाच आठवडा आणि दोन गोळ्या चुकल्या.

घरी परतताना ते आठवलं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तुमच्या दुकानात आले. घरात कुणाचं डोकं दुखलं तरी पहिला फोन तुम्हाला जातो, मग मी आणखी कुठे जाणार होते? तुम्ही खोकल्याच्या बाटल्या फळीवर लावत होतात. मी हळू आवाजात विचारलं, "वन्सं, दोन गोळ्या चुकल्यात. आता काय करायचं?" तुम्ही मला बाजूला घेतलंत. आम्ही नवरा-बायको त्या दिवसांत जवळ आलो होतो का, हेही विचारलंत. मी लाजत का होईना, हो म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "अगं, एवढं काय घाबरतेस? दोन चुकल्या म्हणजे पाकीट गेलंच. मधेच घेऊन उगाच शरीराला गोंधळात टाकू नकोस. टाकून दे. पाळी आली की नवीन सुरू कर. तोवर काही होत नाही, अंगात साठा असतो."

आम्हा गोदीतल्या माणसांना एक सवय असते. खाली उभा असलेला माणूस वॉकीटॉकीवर म्हणतो, "डावीकडे, हळू." वर क्रेनच्या केबिनमध्ये बसणाऱ्याने आधी तेच शब्द परत म्हणायचे, खालच्याने "बरोबर" म्हणायचं आणि मगच दांडा हलवायचा. नाहीतर कंटेनरखाली कुणाचा तरी पाय जातो. मी ही सवय घरीही सोडत नसे. सासूबाई म्हणायच्या, पोपट आहे हा.

त्या दिवशीही मी परत म्हणून दाखवलं होतं. "म्हणजे उरलेलं पाकीट टाकायचं, पाळी येईपर्यंत काही घ्यायचं नाही, आणि तोवर काही होत नाही. बरोबर?"

तुम्ही माझ्या गालावर टिचकी मारून म्हणालात, "बरोबर. शहाणी आहेस."

खरं काय करायचं असतं ते मला नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुम्हाला ते माझ्याआधीपासून पाठ आहे, तरी लिहिते. एकच चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं. दोन किंवा जास्त चुकल्या तर सगळ्यात शेवटी चुकलेली लगेच घ्यायची, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतात. त्याआधीची सोडून द्यायची. पाकीट मात्र सोडायचं नाही, रोज एक चालू ठेवायची आणि सात दिवस कंडोम वापरायचा. आणि पहिल्याच आठवड्यात चुकल्या असतील नि जवळही आले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन तातडीच्या गोळीचं विचारायचं. तुम्ही मला विचारलेला प्रश्न बरोबर होता, वन्सं. म्हणजे उत्तरही ठाऊक होतं.

हे सगळं मला कळलं तेव्हा दुसरा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी दुसरा रस्ताही सांगितला. पण चाचणीची पट्टी मी तुमच्याच दुकानातून नेलेली, एवढी मी भोळी. मी दवाखान्यातून घरी पोचायच्या आत तुम्ही सासूबाईंना आनंदाची बातमी देऊन मोकळ्या झाला होतात. घरात सगळे हसत होते. त्या हसणाऱ्या माणसांत उभं राहून "मला हे नको" म्हणायची छाती झाली नाही.

गरोदर बाईने क्रेनचा जिना चढायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. त्या खुर्चीसाठी मी इतकं शिकले, इतक्या पुरुषांचं हसणं ऐकून घेतलं, आणि ती मिळाल्यावर पहिला हंगामही सरला नव्हता. आता तिथे एक जण बसतो, तो कंटेनर असा आपटतो की वजनकाट्यावरची माझी काच हलते. हो, मी आता वजनकाट्यावर असते. ट्रक येतो, आकडा दिसतो, मी तो लिहिते.

ढमी गोड आहे. सहा महिन्यांची झाली. मला बघितलं की दोन्ही पाय एकदम झाडते, आणि मी कितीही थकलेली असले तरी हसतेच. म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. लेक मला आवडते, हा तिचा नि माझा मामला आहे. तुमचं पाप त्याने धुतलं जात नाही.

मला एवढंच हवंय. तुमच्या भावासमोर आणि आईसमोर म्हणा, की मी हिला जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. तुमच्या शब्दावर त्याने मला खोटारडी ठरवलं, म्हणून मी ढमीला घेऊन या टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहते आहे.

तोवर असं होईल. गोदीत बाया पुष्कळ आहेत. त्यातली एखादी तुमच्या काउंटरवर येईल आणि विचारेल, गोळी चुकली तर काय करायचं? ती खरीच अडलेली आहे की मी पाठवलेली, ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून प्रत्येकीला बरोबरच सांगावं लागेल. आम्ही ऐकतो आहोत.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

वन्सं,

अभिनंदन. चारही जणींना बरोबर सांगितलंत.

माल मोजणारी जाडी तर तुमच्या प्रेमातच पडली. म्हणाली, "काय समजावून सांगतात गं बाई! शेवटच्या आठवड्यात चुकल्या तर मधली सुट्टी न घेता सरळ पुढचं पाकीट सुरू करायचं, हे तर मला डॉक्टरनेही कधी सांगितलं नव्हतं." साहेबांची सेक्रेटरी उंच टाचांचे बूट घालून आली होती, तिला तुम्ही स्टूल दिलंत. झाडूवालीला नाही दिलंत, पण उत्तर पूर्ण दिलंत. चौघींनी परत म्हणून दाखवलं आणि चौघींना तुम्ही "बरोबर" म्हणालात. म्हणताना तुमचा डावा डोळा फडफडतो असं कळलं.

म्हणजे तुम्हाला येतं. "मला तरी तेव्हा कुठे नीट माहीत होतं" म्हणत पळायला एक दार उघडं होतं, तेही तुम्ही स्वतःच्या हाताने लावून घेतलंत.

पण त्या शाळेतल्या बाईंना कशाला छळलंत? बिचाऱ्या खोकल्याचं औषध घ्यायला आल्या आणि तुम्ही त्यांना विचारलंत, "तुम्हाला वजनकाट्यावालीने पाठवलं का?" त्यांना वाटलं वजन कमी करायचं काही औषध आलंय. चोराच्या मनात चांदणं ते हेच.

तुमचा भाऊ येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत ये असं मी म्हटलं नाही आणि येऊ का असं त्यानेही विचारलं नाही. म्हणाला, "ताईला का छळतेस? तिला झोप लागत नाही."

मी म्हटलं, "मला ढमी झोपू देत नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली."

"ताई म्हणते तिने असं सांगितलंच नाही. ती खोटं बोलेल का?"

"मग मी बोलते का?"

यावर तो ढमीच्या टोपीची नाडी बांधत बसला. बांधायची, सोडायची, परत बांधायची. जगातला कुठलाही बिघडलेला फ्रिज उघडून दोष सांगणारा माणूस, पण घरातली दोन माणसं दोन गोष्टी सांगायला लागली की मूग गिळून बसतो. जाताना आत येऊन त्याने गळका नळ दुरुस्त केला. मी आभार मानले नाहीत. नळ अजून गळत नाही.

आणखी एक. तुमची लेक दर रविवारी ढमीला खेळवायला येते. वसतिगृहातून परस्पर येते, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नसेल. तिला मी काही शिकवत नाही, तुमची शप्पथ. उलट तीच माझ्याशी भांडते. म्हणते, "मामी, आई तापट आहे, हुकूम सोडते, सगळं मान्य. पण औषधाच्या बाबतीत ती कुणाला चुकीचं सांगणार नाही. काउंटरमागे उभी राहिली की ती वेगळी बाई असते."

लेकीने आईची बाजू घ्यावी. ढमीने माझी नाही घेतली तर मी कुणाकडे बघू?

तुमची भावजय

ता. क. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? हे सुडाने विचारलेलं नाही. पावलं मोजत मी त्यांना व्हरांड्यात चालवलं होतं, म्हणून विचारलं.


२० फेब्रुवारी

वन्सं,

आज थोडक्यात लिहिते.

काल संध्याकाळी आमच्या कॅन्टीनची मावशी तुमच्याकडे आली होती. ठेंगणी, चष्म्याला दोरी लावलेली. तिने विचारलं, "माझ्या पुतणीच्या दोन गोळ्या राहिल्या. पाकिटाचा पहिलाच आठवडा आहे आणि तिचा मित्र नुकताच भेटून गेलाय. तिने काय करायचं?"

तुम्ही तिच्या बुटांवरचं ग्रीस बघितलंत आणि ओळखलंत, ही गोदीतली. इतके दिवस आवळून धरलेला राग त्या बिचारीवर निघाला. तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"काही करू नको म्हणावं तिला. पाकीट टाकून दे, अंगात साठा असतो. आणि पोट दिसायला लागलं की त्या वजनकाट्यावालीकडे पाठव, तिला फार माहिती आहे."

मावशीने आमच्या सवयीप्रमाणे सगळं परत म्हणून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर. नीघ आता."

तुमचा अंदाज असा, की पुतणी खोटी आहे. मग खोट्या पुतणीला खोटं उत्तर दिलं तर कुणाचं काय बिघडतं?

पुतणी खोटीच होती. मावशीला भाऊच नाही. गोळ्या मात्र खऱ्या चुकल्या होत्या, वन्सं. त्या तुमच्या लेकीच्या.

बावीस वर्षांची आहे ती. अभ्यासात, परीक्षेच्या गडबडीत विसरली. तुम्हाला विचारायला घाबरली, म्हणून माझ्याकडे आली. मी म्हटलं, "तुझी आई औषधाचं चुकीचं सांगत नाही ना? मग तिलाच विचारू. तुझं नाव न घेता." ती म्हणाली, "विचार. आई बरोबरच सांगेल." मावशीच्या एप्रनच्या खिशात फोन चालू होता. तुमचं उत्तर तुमच्या लेकीने तुमच्याच आवाजात ऐकलं. मी तिच्या शेजारी बसले होते. रडली नाही. फोन बंद करून तो उलटा ठेवला, एवढंच.

हे तुम्हाला कळवू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "कळव, मामी. मलाही बघायचंय आई काय करते."

पुढे तिने काय केलं ते मी सांगणार नाही. तिला फोन करू नका, ती उचलणार नाही. तिचा फोन माझ्याच टेबलावर आहे.

तातडीच्या गोळीला मुदत असते. ती किती, हे मी तुम्हाला काय सांगावं. हे पत्र पोस्टाने येतंय.

पुढच्या रविवारी दुपारी तुमचा भाऊ आणि सासूबाई माझ्याकडे येणार आहेत. तुम्हीही या. काय बोलायचं ते पहिल्या पत्रात लिहिलं आहे.

तुमची भावजय


३ मार्च

वन्सं,

तुम्ही तरातरा जिना उतरून गेलात, त्यामुळे अर्धं ऐकायचं राहिलं. ते लिहिते.

आधी तुम्ही ऐकलेलं. तुम्ही आलात तेव्हा केस नीट विंचरलेले नव्हते. मी तुम्हाला इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. भावाकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणालात, "मी हिला मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. मला माहीत होतं काय करायला हवं होतं. आता माझी पोरगी कशी आहे ते सांग."

ते वाक्य ऐकायला मी इतके महिने जागी होते. आलं तर पाठ केलेल्या धड्यासारखं भर्रकन आलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग बिघडलं काय एवढं? पोर सोन्यासारखी झाली."

तुमचा भाऊ त्यांच्यावर ओरडला. आईवर ओरडताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. मग तुमच्याकडे वळून एवढंच म्हणाला, "ताई, तुझ्यापायी मी हिला खोटी म्हणालो." तो उठून कपबशा विसळायला लागला.

तेवढ्यात तुमची लेक आतून आली, कडेवर ढमी. तुम्ही पुढे झालात, "बरी आहेस ना? घेतलीस ना वेळेत?" तिने उलट तुम्हालाच विचारलं, "मामीला असं का सांगितलंस?"

तुम्ही म्हणालात, "घरासाठी. ही क्रेनवर चढून बसायची, घर कोण बघणार होतं? एक मूल झालं की ठिकाणावर येईल म्हटलं. वाईट काय केलं मी?"

"उद्या माझंही असंच ठरवशील?"

"तू माझी मुलगी आहेस. तुझं मी नाही ठरवणार तर कोण?"

हे बोलून गेल्यावर तुमचं तुम्हालाच कळलं असावं, कारण तुम्ही चप्पल शोधायला लागलात.

आता न ऐकलेलं. मावशी तुमच्याकडे आली त्या दिवशी दुपारी तुमच्या लेकीने मला फोन केला, तेव्हा तिथल्या तिथे मी तिला बरोबर काय ते सांगितलं आणि अर्ध्या दिवसाचं काम टाकून तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. तातडीची गोळी तिने माझ्यासमोर घेतली. पाकीट पुन्हा कसं चालू करायचं, किती दिवस सांभाळायचं, सगळं नीट विचारून घेतलं. त्यानंतरच मावशी तुमच्या दुकानाकडे निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पाळी लांबली तर चाचणी करायची. लांबली नाही. काल आली.

तेव्हा सुटकेचा श्वास घ्या. मी तुमच्यासारखी नाही. पण फार वेगळी आहे, असंही नाही. तुम्ही तिच्या काळजीने घालवलेले ते दिवस मला गोड लागले. टेबलावर तिचा फोन वाजायचा, पडद्यावर 'आई' दिसायचं आणि मी ढमीला भरवत बसायचे. हे पत्रही मी आणखी आठवडाभर ठेवून दिलं असतं. तुमची लेक म्हणाली, "आता पुरे, मामी." म्हणून लिहिते आहे.

तुमचा भाऊ म्हणतो, घरी चल. मी बघू म्हटलं आहे. त्याला माझं पटायला तुम्हाला यावं लागलं, हे मी अजून गिळलेलं नाही. येतो, ढमीला फिरवतो, जातो. पुढच्या महिन्यात क्रेनची नवी परीक्षा आहे, तिच्यासाठी मी नाव दिलं आहे. त्याला सांगितलं, विचारलं नाही.

आणि एक गोष्ट. तुमच्या लेकीने वसतिगृह सोडलं. सामान इथे आणलंय, एक बॅग, दोन उशा आणि ती भलीमोठी चित्रकलेची फळी, जी जिन्यात अडकली आणि टायरवाल्याने येऊन सोडवली. मी तिला म्हटलं, खोली लहान आहे, ढमी रडते, नीट विचार कर. तिने दोन दिवस विचार केला. शिक्षण संपेपर्यंत ती इथेच राहणार आहे. सुट्टीतही.

तुम्ही मला न विचारता लेक दिलीत, वन्सं. मी तुमची घेतली, पण तिला विचारून.

तिला भेटायला यावंसं वाटेल तुम्हाला. या. पण आधी फोन करा, आणि मला नाही, तिला विचारा. हो म्हणाली तर दार उघडेन.

तुमची भावजय